आज काय म्हायत नाय?

२७ मार्च. भांडाराची वार्षिक पडताळणी. म्हणजे आमच्या पेणच्या आयटीआयच्या भांडारात जे आहे ते नोंदवहीत आहे का, आणि नोंदवहीत जे आहे ते भांडारात आहे का, एवढं बघायचं. दोन्हीकडून जुळलं की साहेबांची सही होते आणि मी पुढच्या मार्चपर्यंत सुटते. बावीस वर्षं हे काम करते आहे. छिन्न्या, कानशी, हातोडे, मोडके स्टूल, सगळं मोजून दुपारी तीनपर्यंत जुळत आलं होतं. मग मागच्या रॅकवर, वेल्डिंगच्या जुन्या पडद्यांआड, एक पिवळा प्लास्टिकचा ट्रे निघाला. मासळीवाले बर्फ घालून वापरतात तसला. पुढच्या बाजूला काळ्या रंगाने हाताने लिहिलेलं होतं: 'इचारा'.

नोंदवहीत हा ट्रे नाही. असायचं कारणच नाही. तो सरकारचा नव्हता आणि कंपनीचाही नव्हता. तो चाचांचा होता. आणि तिथे तो मीच ठेवला होता.

पडताळणीच्या तक्त्यात दोनच रकाने असतात: 'वापरण्यायोग्य' आणि 'निर्लेखित', म्हणजे मोडीत काढलेलं. मी ट्रेची ओळ लिहिली, दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि चहा सांगितला.

चाचांचं खरं नाव मस्टरवर आहे, ते इथे लिहीत नाही. सगळे चाचा म्हणत म्हणून मीही म्हणे, जरी ते माझ्याहून फार तर बारा-तेरा वर्षांनी मोठे असतील. खांब गावचे राहणारे. उमेदीची सगळी वर्षं गल्फमध्ये एका खजूर पॅकिंगच्या कारखान्यात काढलेली. पट्ट्यावरून खजूर वाहतात, समोर उभं राहून चांगले-वाईट निवडायचे, हे काम. परत आले ते दोन सवयी घेऊन. एक म्हणजे लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज, जे ते लुंगीवरही घालत. दुसरी म्हणजे पिवळं हेल्मेट. ते मोटारसायकलवरचं नव्हे, कारखान्यातलं. ते घालूनच खांबहून पेणपर्यंत मोटारसायकलने येत. वडखळच्या नाक्यावर पोलिसाने एकदा अडवलं तर म्हणाले, "साहेब, हायवेचं काम चालू हाय, का नाय? मंग साइटवर हेच घालतात." पोलिसाला महामार्गाचं काम चालू नाही असं म्हणता येईना. सोडून दिलं.

मला ते 'मुदीर' म्हणत. गल्फमध्ये ऑफिसातल्या मोठ्या साहेबाला मुदीर म्हणतात. मी म्हटलं, "चाचा, मी साधी भांडारपाल आहे."

"चावी कोनाकडं हाय?"

"माझ्याकडे."

"मंग मुदीर तुमीच."

आता ते आमच्याकडे आले कसे, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी सरकार आणि एक कंपनी यांच्यात करार झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेचं नोकरीसाठी प्रशिक्षण द्यायचं. सरकारने जागा, वीज आणि मुलं द्यायची. कंपनीने लॅपटॉप, अभ्यासक्रम आणि शेवटी नोकऱ्या द्यायच्या. 'शेवटी'ला अट होती. अकरा महिन्यांनी दोघांची मिळून समिती येणार, तिच्यापुढे मुलांनी स्वतः शिकवलेलं मशीन चालवून दाखवायचं. समितीला पटलं तर नोकरीची पत्रं. नाही पटलं तर केंद्र बंद आणि सोळाच्या सोळा जण घरी.

भागीदारी म्हणजे काय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. दोन पाट्या आल्या, एक सरकारची आणि एक कंपनीची, आणि दोघांनाही दारावर वरची जागा हवी. दोन हजेऱ्या आल्या: सरकारचं मस्टर आणि कंपनीचं चेहरा ओळखणारं यंत्र. लॅपटॉपच्या कपाटाला दोन कुलपं लागली. एका कुलपाची चावी माझ्याकडे, दुसरी कंपनीच्या समन्वयकाकडे. हा तरुण मुंबईत बसे आणि दर मंगळवारी येई. म्हणून सगळे त्याला मंगळवारवाला म्हणत. तेव्हा आमच्या केंद्रात कृत्रिम बुद्धिमत्ता फक्त मंगळवारी असे. बाकीचे दिवस साधी.

करारात एक कलम होतं, की एक प्रशिक्षक उद्योगातला अनुभवी असावा. मुंबईचे चार उमेदवार ऑनलाइन मुलाखतीला बसले आणि पेण कुठे आहे ते कळल्यावर उठले. चाचा एकटेच प्रत्यक्ष आले, हेल्मेट मांडीवर ठेवून बसले. मंगळवारवाल्याने विचारलं, "आपल्याला कॉम्प्युटर येतो?"

"नाय."

"एआय?"

"नाय. पन खराब माल कसा वळखायचा ते येतं. तुमी काय शिकवनार मशीनला? तेच ना?"

तेच होतं. कॅमेऱ्याने वस्तूचा फोटो काढायचा, मशीनने चांगली की वाईट ते सांगायचं, हाच अभ्यासक्रमाचा मुख्य भाग. शिवाय दुसरं कोणी नव्हतं. घेतलं.

पहिल्या बुधवारी मी भांडारात बसले होते. चाचा आले, म्हणाले, "मुदीर, पेचकस द्या."

"कशाला?"

"कपाट उघडायचं हाय."

"दुसरी चावी मंगळवारी येईल."

"कुलपं दोघांची हायत," चाचा म्हणाले. "बिजागरी कोनाचीच नाय."

मी करार काढून पाहिला. कुलपांबद्दल दीड पान होतं, बिजागरीबद्दल एक अक्षर नव्हतं. पेचकस दिला, देणे-घेणे वहीत सही घेतली. त्या दिवसापासून कपाट रोज मागच्या बाजूने उघडे आणि संध्याकाळी मागच्या बाजूने बंद होई. पुढची दोन्ही कुलपं शेवटपर्यंत नवी कोरी राहिली. दारावरच्या पाट्याही चाचांनीच लावल्या, दाराच्या दोन बाजूंना, लेव्हल लावून, अगदी एका उंचीवर. मंगळवारवाल्याने टेप लावून मोजलं. मीही नंतर मोजलं.

चाचांची खरी खोड मात्र हजेरीत होती. ते नावं पुकारत, आणि 'हजर' म्हटलेलं त्यांना चालत नसे. प्रत्येकाने रोज, आपल्याला माहीत नाही अशी एक गोष्ट सांगायची. "आज काय म्हायत नाय?" असं विचारत. सांगितलं तर हजर, नाहीतर गैरहजर. यासाठी त्यांची स्वतःची लाल वही होती.

पहिल्या दिवशी सोळांपैकी अकरा जण गैरहजर लागले. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर काम करून आलेला एक जण छाती काढून म्हणाला, "चाचा, मला सगळं माहीत आहे, मी युट्यूबवर बघितलंय." गैरहजर. दुसरा म्हणाला, "बायकोच्या मनात काय असतं ते माहीत नाही." चाचा म्हणाले, "ते कोनालाच म्हायत नाय, दुसरं सांग." दुसरं सांगता येईना. तोही गैरहजर.

आठवडाभरात मुलं घरून प्रश्न तयार करून येऊ लागली. महिन्याभरात वर्गाच्या दारातच भांडणं लागली, की हा प्रश्न माझा होता, याने चोरला. चाचांना बऱ्याच प्रश्नांची उत्तरं येत नसत. मग ते स्वतःचीही गैरहजेरी मांडत, आणि मुलांपैकी कोणी शोधून आणलं की खोडत. टायपिंग तर ते मुलांकडूनच शिकले, एका बोटाने. प्रत्येक अक्षराआधी बोट हवेत थांबे, कीबोर्डवर माशी बसल्यासारखं.

मी रोज सकाळी वर्गाचं कुलूप काढायला जाई, तेव्हा शेवटचा नंबर माझा असे. "मुदीर, आज काय म्हायत नाय?"

"मला वेळ नाही, चाचा."

"वेळ नाय हे तुमाला म्हायत हाय. म्हायत नाय ते सांगा."

"सगळं माहीत आहे. सोळा खुर्च्या, दोन पंखे, एक बंद."

"गैरहजर," असं म्हणून ते लिहीत. अकरा महिने मी त्या वहीत गैरहजर आहे. सरकारी मस्टरवर माझी एक रजा लागली नाही त्या वर्षी.

कंपनीचं चेहरा ओळखणारं यंत्र हा चाचांच्या आनंदाचा विषय होता. नोंदणीच्या दिवशी त्यांनी हेल्मेट काढलं नाही, त्यामुळे पुढे यंत्र त्यांना बिनहेल्मेटचं ओळखेना. एक दिवस तो डोलवीचा मुलगा कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घालून थेट आला आणि यंत्राने चाचांच्या नावाने त्याचं स्वागत केलं. मी तक्रार लिहायला बसले. चाचा मात्र इतके खूश, की त्यांनी ते हेल्मेट सोळा जणांच्या डोक्यावर ठेवून सोळा वेळा स्वतःची हजेरी लावून घेतली. रेश्मालासुद्धा यंत्राने चाचा म्हटलं.

"बघितलंत?" ते वर्गाला म्हणाले. "मशीन चेहरा नाय बघत, टोपी बघतं. तुमी शिकवाल तवा ध्यानात ठेवा, ते काय बघतं ते आधी इचारा."

रेश्मा ही आमच्या वर्गातली वयाने मोठी, पस्तिशीची. खाडीकडच्या गावातली, सासर मिठागरावर राबणारं. ती स्वतः पेणमध्ये पोह्याचे पापड लाटायला बसे. दिवसभर गुडघे दुमडून लाटण्याचं काम तिला नको झालं होतं, म्हणून तिने इथे नाव घातलं. आणि पापडाच्या घरात जागा रिकामी राहत नाही. तिच्या पाटावर तिसऱ्या दिवशी दुसरी बाई बसली. म्हणजे नोकरीचं पत्र नाही मिळालं तर परत जायला पाटही नव्हता. हे तिने एकदाच सांगितलं, हजेरीला. "मना म्हायत नाय चाचा, यो कोर्स फुकट गेला तं मी कंच्या पाटावर बसू." चाचांनी हजेरी लावली आणि पुढचं नाव पुकारलं.

पापड आले ते तिच्यामुळेच. कंपनीने सरावासाठी परदेशी मोटारींच्या सुट्या भागांचे फोटो पाठवले होते. मुलांना त्यातला चांगला कुठला, वाईट कुठला, काही उमगेना. चाचांनाही उमगेना. रेश्मा म्हणाली, "पापडाचं करूया का? त्यातलं मना कळतं." दुसऱ्या दिवशी दोन हजार पापड आले. एकेक कॅमेऱ्याखाली ठेवायचा, फोटो काढायचा, मग चांगला असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, वाईट असेल तर लाल. सगळ्या फोटोंवर तसा शिक्का मारायचा आणि मशीनला वाचायला द्यायचे.

आणि चाचांनी मध्ये तिसरा, पिवळा ट्रे आणून ठेवला.

"हा कशाला?" मंगळवारवाल्याने विचारलं.

"जे कळत नाय ते यात."

"अभ्यासक्रमात दोनच वर्ग आहेत, पास आणि नापास."

चाचांनी स्टूल ओढलं. खजुराची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, नंतर निदान तीस वेळा. कारखान्यात पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर पट्ट्यावर वीस माणसं होती, सगळी झटपट निवडणारी. यांचा हात मात्र अडे. फोरमनने दरडावलं तर म्हणाले, "हा खजूर मना कळत नाय," आणि पट्टा थांबवला. शिव्या खाल्ल्या. मग मोठ्या साहेबाने तो खजूर फोडून पाहिला, तर वरून सुरेख आणि आतून किडलेला. त्या मालाची अख्खी खेप तशी निघाली. दुसऱ्या दिवसापासून यांच्यासमोर एक जादा खोका आला. "वीस मानसं गेली, नवीन आली, पट्टा बदलला, मशीन आलं," चाचा म्हणत. "मी ऱ्हायलो. कशामुळं? त्या खोक्यामुळं. मशीनला समदं कळतं म्हनालात, तर तुमाला ठेवील कोन? मशीन इचारील तवाच तुमाला पगार."

मंगळवारवाल्याने हे वहीत लिहून घेतलं नाही. रेश्माने मात्र मान डोलावली. "आमच्यात पन असतंय. दुमताचा पापड टोपलीच्या झाकनावर ठेवतात. मंग मोठी काकी येते, तुकडा मोडून तोंडात टाकते नि सांगते."

अशी ती प्रयोगशाळा चालली. सोयीची एकच गोष्ट होती, की फोटो काढलेला पापड परत लागत नसे. दुपारपर्यंत तिन्ही ट्रे रिकामे होत. लेखापरीक्षणात मला प्रश्न आला, की प्रशिक्षण साहित्य दोन हजार नग कुठे आहे? 'खाल्लं' असं लिहिता येत नाही. मी लिहिलं, 'प्रशिक्षणादरम्यान नष्ट.' मंजूर झालं. त्यातले चार मीही नष्ट केले होते.

समितीच्या आदल्या मंगळवारी मंगळवारवाला घामाघूम होऊन माझ्याकडे आला. गुणपत्रिका कंपनीने ठरवलेली होती. मशीनने पास किंवा नापास बरोबर सांगितलं तर गुण, चुकलं तर शून्य, आणि 'विचारा' म्हटलं तरी शून्यच. "मॅडम, तिसऱ्या ढिगामुळे आपण खाली जातोय. दोनच ढीग ठेवले तर आरामात वर आहोत. चाचा ऐकत नाहीत. म्हणतात, मग शाळा बंद करा."

मी चाचांशी बोलले. "एक दिवसाचा प्रश्न आहे. समिती गेली की परत ठेवा तुमचा ट्रे."

"मुदीर, एक दिवस खोटं बोलायला शिकवलं तर दुसऱ्या दिवशी इसरतं का मशीन?"

"मशीनचं मला माहीत नाही. सोळा माणसं घरी बसतील ते मला माहीत आहे."

"मशीनचं म्हायत नाय," चाचा हसले. "म्हनजे आज तुमी हजर. लावू?"

"लावू नका," मी म्हटलं. मला राग आला होता.

तेव्हा मी जे केलं ते सरळ सांगते. समितीच्या दिवशी सकाळी लवकर आले, वर्ग उघडला, पिवळा ट्रे उचलला आणि भांडारात वेल्डिंगच्या पडद्यांआड ठेवून कुलूप लावलं. मंगळवारवाल्याने दोन ढिगांचं मशीन लॅपटॉपवर चढवलं. मला ते चूक वाटलं नाही. सोळा पत्रं एका बाजूला आणि मासळीचा ट्रे दुसऱ्या बाजूला.

चाचा आले. टेबलाकडे पाहिलं. हिरवा, लाल. टेबलाखाली वाकून पाहिलं. मग कोणाला काही न विचारता, हेल्मेट घालून कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसले. हेच मला जास्त लागलं. रोज उठून सगळ्यांना विचारणारा माणूस त्या दिवशी विचारेना.

समितीत तिघं होते. जिल्ह्याचे एक साहेब, कंपनीच्या मुंबईच्या प्रमुख बाई, आणि धाटावच्या एका कारखान्याचे व्यवस्थापक. शाल-श्रीफळ झालं. पापड कॅमेऱ्याखाली जाऊ लागले. पास, पास, नापास, पास. पडद्यावर हिरवं-लाल सुरेख उमटत होतं. प्रमुख बाई खूश होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मलाही बरं वाटत होतं.

जिल्ह्याच्या साहेबांना मजा वाटली. ते उठले, म्हणाले, "आता आमची परीक्षा घेऊ दे मशीनला," आणि सत्काराचा नारळ कॅमेऱ्याखाली ठेवला.

पडद्यावर आलं: पास.

सगळे हसले. साहेबांनी चष्म्याचं घर ठेवलं. पास. आता हसणं जरा कमी झालं. साहेबांनी स्वतःचा हात ठेवला.

नापास. लालभडक.

साहेब हाताकडे बघत राहिले. "आमच्या हाताला काय झालंय?"

मंगळवारवाला पुढे झाला. टक्केवारी, अचूकता, असं काही बोलू लागला. प्रमुख बाईंनी त्याला हाताने थांबवलं. मी चाचांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. त्या क्षणी मला सोळा जणांचे चेहरे मोजता आले असते, आणि रेश्माचा त्यात नव्हता, कारण ती उठून टेबलापाशी गेली होती.

"साहेब, मशीनीचा काय दोष नाय," ती म्हणाली. "तिला आज दोनच शब्द दिलेत. दोनातला एक बोलायलाच लागतंय. तिसरा दिला नाय म्हून ती खोटं बोलते."

"तिसरा कुठला?"

रेश्माने मंगळवारवाल्याला विचारलं नाही, मला विचारलं नाही. लॅपटॉपवर जुनं मशीन चढवलं, तीन ढिगांचं. त्याला चार मिनिटं लागली. एवढी लांब चार मिनिटं मी नोकरीत पाहिली नाहीत. मग म्हणाली, "ठेवा हात."

साहेबांनी जरा जपूनच ठेवला. पडदा पिवळा झाला. 'इचारा: रेश्मा'.

"म्हणजे तुला विचारायचं?"

"व्हय. आज पाळी माजी हाय. रोज पाळी असते."

"मग सांग. हात पास की नापास?"

रेश्माने वाकून नीट पाहिला. "पापड नाय साहेब, हात हाय. पन धुवून घ्या. पीठ लागलंय."

पहिले हसले ते धाटावचे व्यवस्थापक, आणि ते थांबेचनात. मग म्हणाले, की आमच्याकडे पिंपांवरची लेबलं तपासायला कॅमेरा बसवलाय. त्याला काही कळलं नाही तरी तो हो किंवा नाही म्हणतोच, आणि मग चुकीचं पिंप गाडीत चढतं नाहीतर चांगलं पिंप अडून राहतं. "तो असं विचारू लागला तर उत्तर द्यायला तिन्ही शिफ्टला माणसं लागतील."

"लागतील म्हणजे," प्रमुख बाई म्हणाल्या, "किती?"

सोळांपैकी नऊ जणांना त्या दिवशीच्या बैठकीतून धाटावला काम मिळालं, आणि रेश्मा त्यातली पहिली. उरलेल्यांपैकी चौघांना कंपनीने पुढे घेतलं. तिघांना नाही मिळालं, त्यांत तो युट्यूबवाला होता. हे सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. पण केंद्र बंद झालं नाही.

समिती गेल्यावर मी ट्रे परत ठेवायला हवा होता. ठेवला नाही. आधी पाहुण्यांचे कप मोजायचे होते, मग शनिवार आला, मग चाचांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. त्यांनी बाजारातून दुसरा ट्रे आणला, निळा. पिवळा कुठे गेला हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

नंतर नवीन वर्षाचा करार आला. त्यात प्रशिक्षकाला पदवी हवी असं आलं. पात्रतेचा तक्ता मलाच भरायचा होता. त्यातही दोनच रकाने होते, पात्र आणि अपात्र. मी नियमाप्रमाणे खूण केली. खूण बरोबर होती. चाचा शेवटच्या दिवशी पेचकस परत करायला आले, देणे-घेणे वहीत सही केली, म्हणाले, "खलास, मुदीर," आणि हेल्मेट घालून गेले. नव्या अभ्यासक्रमात तिसरा ढीग आहे. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आणि तो कंपनीनेच शोधला असं पहिल्या पानावर लिहिलं आहे. मंगळवारवाल्याला त्यावरून बढती मिळाली. आता त्याच्या जागी गुरुवारवाली येते.

पडताळणीच्या संध्याकाळी साहेब तक्ता बघायला आले. ट्रेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय? एकतर नोंदवहीत घ्या, नाहीतर मोडीत काढा."

मी म्हटलं, "उद्या विचारून सांगते."

"कोणाला विचारून?"

"ज्याचा आहे त्याला."

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. सकाळी ट्रे धुतला, सुतळीने बांधला आणि महाडची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "मासळी हाय काय बाई?" रिकामा आहे म्हटल्यावर वर ठेवू दिला. महामार्गाचं काम अजून चालू आहे.

खांबला उतरले तेव्हा चाचा ओट्यावर वाल निवडत बसले होते. लुंगी, खाली सेफ्टी शूज, पुढे तीन ढीग. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुदीर, आज काय म्हायत नाय?"

गाडीत मी वाक्य तयार केलं होतं. तेच म्हटलं. "हा ट्रे त्या दिवशी मी लपवला होता. ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, हे मला माहीत नाही."

चाचांनी हातातला वालाचा दाणा उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि मधल्या ढिगात टाकला.

"कपाटाला दोन कुलपं होती, मुदीर," ते म्हणाले. "भांडाराला एकच."

मग आत तोंड करून ओरडले, "ऐकलास गो? ती लाल वही आन. नि चहा टाक." त्यांच्या बायकोने वही आणली. शेवटच्या ओळीत 'मुदीर' आणि पुढे पानभर 'गै, गै, गै'. त्यांनी पुढच्या कोऱ्या चौकटीत सावकाश 'ह' लिहिला, वर तारीख घातली आणि मधला ढीग पिवळ्या ट्रेमध्ये लोटला.

तारीख त्यांनी सत्तावीस घातली होती. मी पेन मागून घेतलं, ती खोडून अठ्ठावीस केली, खाडाखोडीवर त्यांची सही घेतली, चहा प्यायले आणि अकराच्या गाडीने पेणला परत आले.